ब्रेकबाईंचा पाय

आमच्या सासूबाईंच्या आठवणीसाठी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. मी पोचले तेव्हा बाहेर गाड्या लागलेल्या होत्या. एकसारखं अंतर राखून, तोंडं रस्त्याकडे करून, चाकं सरळ. एकही वाकडी नाही. आत कोण बसलंय ते मला आत न जाताच कळलं. अशी गाडी लावायला आमच्याकडे एकच बाई शिकवायची.

घरात मी त्यांना आई म्हणायचे. बाकी सगळे ब्रेकबाई म्हणायचे. जन्मभर त्यांनी लोकांना, त्यातही बायकांना, गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पेडल असतं. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने ते दाबायचं. आईंचा पाय त्या पेडलवर असा आदळायचा की आवाज पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जावा. धप्प. आणि पाठोपाठ अगदी शांतपणे, "थांबलो आपण. आता श्वास घे." त्यावरून ते नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडायचं.

सभेत जो उठला तो हेच सांगत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो पाय शेजारी होता म्हणून मी स्टिअरिंगला हात लावला. बँकेतले कॅशियर म्हणाले, मी दिवसाला दहा अपघात केले असते, बाईंच्या पायाने वाचवलं. पोस्टाजवळच्या शिंपीणबाई काठी टेकत पुढे आल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच रडून परत जागेवर जाऊन बसल्या. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. रडू येत होतं आणि रागही. मेलेल्या माणसाचं आयुष्य भाषणात घातलं की ते फार गुळगुळीत होऊन बाहेर येतं.

आयुष्य काही गुळगुळीत नव्हतं. त्यांचा नवरा भाड्याची गाडी चालवायचा. तो तरुणपणीच गेला. मागे उरले दोन मुलगे, एक मुलगी आणि दारात उभी गाडी. गाडी विकून टाक, असं जो तो सांगत होता. यांनी नवऱ्याच्या मित्राला गाठलं आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या पटांगणात गाडी शिकून घेतली. उंची बेताची, म्हणून बसायला एक उशी आणि पाठीला एक. लोक हसले, तर म्हणाल्या, हसू देत, निदान बघून बाजूला तरी होतील. पुढे मुलगी तापात गेली. आठवडा व्हायच्या आत त्या पुन्हा गाडीत बसल्या, कारण एका सुइणीची परवान्याची परीक्षा होती आणि सुइणीला वेळी-अवेळी जावं लागतं. हे भाषणात कुणी सांगितलं नाही. मला त्यांनी सांगितलं होतं, पालेभाजी निवडता निवडता. मग म्हणाल्या, "फार हुशार बाई. पहिल्या फटक्यात पास झाली." मुलीबद्दल पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यांच्या चांगुलपणाचं कौतुक ऐकायला गोड लागतं, पण अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघा. भाजी करपली की म्हणायच्या, आज खमंग झालीय. मी सुगरण आहे असा माझा बराच काळ समज होता, तो दुसऱ्यांकडे जेवल्यावर फिटला. माझा नवरा परीक्षेत नापास झाला तेव्हा पेपर काढणाऱ्याचं चुकलं होतं. थोरले दीर लहानपणी माउथऑर्गन वाजवायचे आणि शेजारचा कुत्रा विव्हळायचा, तर म्हणे, बघ, त्यालाही गावंसं वाटलं. कुणाचं मन मोडायचं नाही, बस्स. त्यामुळे घरात एक गोष्ट ठरून गेली होती. आईंनी शाबासकी दिली की ती निम्मी करून घ्यायची, आणि फारच दिली तर सोडून द्यायची.

मला त्यांनी हट्टाने गाडी शिकवली. "नर्स आहेस, कधी कुठे जावं लागेल सांगता येतं का?" परवाना हातात आला तरी हात बसावा म्हणून त्या शेजारी बसायच्या. अशाच एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच आणायला आम्ही निघालो. काच मोठी होती. मागे ठेवली तर तडकेल म्हणून आईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर उभी धरली, दोन्ही हातांनी दोन कडा पकडून. मी चालवत होते आणि स्वतःवर खूश होते.

एका फाटकातून दोन हमाल कपाट घेऊन बाहेर पडत होते. पुढचा माणूस उलटा चालत होता. तो तसाच, पाठमोरा, फुटपाथवरून सरळ रस्त्यावर उतरला.

मला आठवते ती त्याची पाठ, घामाने चिकटलेला शर्ट. शेजारून धप्प झालं. माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेल्यासारखं वाटलं आणि गाडी उभी राहिली. तो माणूस मागे सरकत सरकत आमच्या बॉनेटला टेकला. टेकला कसला, बसलाच. वळून "जरा बघून" म्हणाला आणि कपाट घेऊन चालता झाला. त्याला काही कळलंच नाही. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. मी किल्ली आईंच्या मांडीवर टाकली, दार उघडलं आणि घरापर्यंत चालत आले. आई मागून गाडी घेऊन आल्या, काचेला ओरखडाही नाही.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "ब्रेक तूच मारलास," म्हणाल्या.

"आई, तुमच्या पायाचा आवाज मी ऐकला."

"पाय माझाही गेला, सवयीने. पण गाडी तू थांबवलीस. वेळेवर थांबवलीस."

"कशाला उगाच?" मी म्हणाले. "तुम्ही नसता तर आज माझ्या हातून माणूस गेला असता."

"नाही गं बाई, खरंच सांगते."

खरंच सांगते, हे त्या करपलेल्या भाजीलाही म्हणायच्या. मी उठून आत गेले, आणि पुन्हा गाडीला हात लावला नाही. घरात त्याचे विनोद झाले. नवरा लोकांना सांगायचा, आमच्या घरातल्या ड्रायव्हिंग स्कूलची एकच विद्यार्थिनी फुकट गेली, नेमकी आमची. मी हसायचे. आई हसायच्या नाहीत. परवान्याची मुदत संपत आली की त्या मागे लागायच्या, आणि कटकट नको म्हणून मी तो नवा करून घ्यायचे. पुढे त्यांचं शिकवणं थांबलं, तरी गाडी दारात होती. सकाळी त्या शेजारच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचायच्या आणि मी कामाला निघाले की काच खाली करून विचारायच्या, "एक चक्कर मारायची का?" मी रोज म्हणायचे, "उशीर झालाय." शेवटी शेवटी अंथरुणावरही तेच. "त्या दिवशी ब्रेक तूच मारलास हं." मी "हो आई" म्हणायचे, जसं पेशंटला म्हणतात तसं. "गाडी तुझी," त्या म्हणाल्या. "गाडीचं काय असेल ते गॅरेजवाल्या पानाला विचार." मला वाटलं, त्या दुरुस्तीबद्दल बोलतायत.

त्या गेल्या त्याच आठवड्यात हॉस्पिटलात हेडसिस्टरने मला बोलावलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांना बघायची जागा रिकामी झाली होती. मला हे काम केव्हापासून हवं होतं. एकतर वॉर्डात उभं राहून कंबरेचे हाल झाले होते, आणि दुसरं म्हणजे शेवटची वर्षं आईंचं सगळं केल्यावर मला कळलं होतं की म्हातारं माणूस स्वतःच्या खोलीत वेगळं असतं. "पण स्वतः गाडी चालवता आली पाहिजे," हेडसिस्टर म्हणाली. "येते ना तुला? सासू तर ब्रेकबाई. सोमवारी सांग, नाहीतर दुसरी बघते." नाही म्हणायला सोमवार उजाडायची गरज नव्हती, तरी जीभ उचलली नाही.

सभा झाल्यावर थोरल्या दिरांनी गाडीचा विषय काढला. ते दुसऱ्या शहरात राहतात, दोन दिवसांत सगळं आवरून जायचं होतं. "एक गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "रविवारी बघायला येतोय. ते जादा पेडल आणि टपावरची पाटी तेवढी काढून हवीय. आईने गाडी तुझ्या नावाने ठेवलीय, पण तू काही चालवत नाहीस. तुला चालेल ना?"

"चालेल, दादा," मी म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो स्कूटरवाला, गाडीचं त्याला कधीच अगत्य नव्हतं. आईंनी दोन्ही मुलांना स्वतः शिकवलंच नव्हतं. पोटच्या पोरांना शिकवायला बसलं की शिकवणं राहतं बाजूला आणि भांडणच होतं, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. गाडी आदल्या दिवशी तिथे नेली होती आणि मला आईंच्या उशा काढून घ्यायच्या होत्या. गॅरेजवाल्याला सगळे पानाकाका म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. हातात पाना नाही असा तो माणूस मी तरी पाहिलेला नाही. आमच्या लग्नात हीच गाडी धुऊन-पुसून त्यांनी दारात आणली होती.

मी उशा काढत होते. पानाकाका पलीकडच्या दाराशी उकिडवे बसले होते, डोकं पेडलाशी.

"याला फार वेळ लागणार नाही, सूनबाई," ते म्हणाले. "दोन बोल्ट काढले की झालं. ब्रेकची तार तर सोडलेलीच आहे."

"काल सोडलीत?"

ते थांबले. पाना खाली ठेवला. "बाई गेल्या आता, म्हणून बोलतो. पहिल्यापासून सोडलेलीच आहे. ही गाडी त्यांनी घेतली, माझं गॅरेज नवीन होतं, आणि पहिलं काम सांगितलं ते हे. पेडल राहू दे, तार सोड. तपासणी असली की आदल्या दिवशी जोडायचो आणि मग पुन्हा सोडायचो."

"म्हणजे ते पेडल दाबलं तर काय होत होतं?"

"काही नाही. आवाज व्हायचा."

मी उशी छातीशी धरून तशीच उभी राहिले. आधी मला आईंचा भयंकर राग आला. अख्ख्या जगाला या बाईने त्या पायाच्या भरवशावर रस्त्यावर काढलं होतं. "असं करतात का, काका? कुणी मेलं असतं म्हणजे?"

"मीही हेच म्हणालो होतो. भांडलो त्यांच्याशी." ते उठून स्टुलावर बसले. "शिंपीणबाई माहीत आहेत ना, काठीवाल्या? आधीच्या गाडीवर त्या बाईंकडे शिकल्या, पास झाल्या, आणि पहिल्याच दिवशी एकट्या निघाल्या त्या थेट पोस्टाच्या भिंतीवर आदळल्या. कंबर मोडली. बाई रोज हॉस्पिटलात जाऊन बसायच्या. तिथे त्यांना उमगलं की त्या पोरीने कधी नीट ब्रेक मारलाच नव्हता. तिच्या आधी बाईंचा पाय जायचा, दर वेळी. गाडी थांबायची आणि तिला वाटायचं, आपण थांबवली. मग एकटी असताना ती त्या दुसऱ्या पायाची वाट बघत राहिली."

"मग पेडल काढूनच टाकायचं की."

"तेही म्हणालो. तर म्हणाल्या, काढलं तर कुणी बसायचंच नाही. धीर माझ्या पायाचा असू दे, ब्रेक ज्याचा त्याने मारायचा. आणि सांगायचं नाही कुणाला. एकाला कळलं की सगळ्यांना कळेल." पानाकाकांनी हात पुसले. "तुम्हाला वाटतं तितक्या बेफिकीर नव्हत्या त्या. आधी कित्येक दिवस पटांगण, मग रिकामे रस्ते. आणि हा हँडब्रेक आहे ना मध्ये, त्यावर त्यांचा हात कायम. शिकणाऱ्याच्या नकळत. कधी खेचायची वेळ आली तर खेचायच्या. तो हात तिथून हलत नसे."

"एकदा हलला होता," मी म्हणाले.

मला ती काच दिसत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि तिच्या दोन कडांवर आईंचे दोन हात. पाय होता तो तार नसलेल्या पेडलवर. दोन्ही हात काचेवर. आणि गाडी थांबली होती.

मग मी त्या स्टुलाशेजारी, जुन्या टायरवर बसले आणि मोठ्याने रडले. सभेत रडले नव्हते तेवढी. बाईने जन्मभर सगळ्यांना गोड गोड सांगितलं, आणि मला एकदाच सांगायचं होतं ते जसं होतं तसं सांगितलं, तर मी म्हणाले, कशाला उगाच. वर्षानुवर्षं त्या सांगत राहिल्या. तार सोडलीय हे एक वाक्य बोलल्या असत्या तर? पण मी ऐकायला थांबत होते का? विषय निघाला की उठून जायचे मी. आणि शेवटी "हो आई" म्हणून त्यांचं मन राखलं, अगदी त्यांच्यासारखंच. या घरात मन राखण्याची एवढी सवय होती की खरं बोललेलं कुणाला ओळखताच आलं नाही.

पानाकाकांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. तेलाचा वास येणारा. मी तो प्यायले.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

त्यांनी नको म्हटलं नाही. गॅरेजमागे मोकळी जागा आहे, तिथे आधी फिरवा म्हणाले. मी दोन्ही उशा पुन्हा गाडीत टाकल्या. गाडी पहिल्यांदा बंद पडली, दुसऱ्यांदाही, मग हलली. मी गोल गोल फिरत राहिले, आणि दर फेरीला ब्रेक मारून बघत राहिले. पायाला सगळं आठवत होतं. मलाच आठवत नव्हतं. पानाकाका हाताची घडी घालून उभे होते. बऱ्याच वेळाने मी त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"पेडलचं काय करू?" त्यांनी विचारलं. "जोडून देऊ का?"

"नको. आहे तसंच राहू दे."

"गिऱ्हाईक येणार आहे ना उद्या?"

"त्याला मी सांगते."

"शेजारी बसू का घरापर्यंत?"

"नको, काका."

रस्त्यावर मी बैलाच्या चालीने निघाले. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. पोस्टाच्या कोपऱ्यावर एक जण फोनवर बोलत बोलत, इकडेतिकडे न बघता समोर आला. मी ब्रेक मारला. गाडी थांबली. शेजारून धप्प झालं नाही, कुणी श्वास घे म्हणालं नाही. मीच घेतला.

घरी दीर बॅग भरत होते. मी त्यांना सांगितलं, "दादा, त्या गिऱ्हाइकाला नको म्हणा. गाडी मला लागणार आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं." हे त्यांनी मन राखायला म्हटलं की खरं, मला कळलं नाही. नवरा स्वयंपाकघरात होता. खिडकीच्या त्या काचेतून त्याला दारातली गाडी दिसत होती.

"पानाकाकांनी सोडलं वाटतं," तो म्हणाला.

"नाही. मी आणली."

"हो का? वा, छान," तो म्हणाला. नेमक्या त्या सुरात. आईंचाच मुलगा. त्याचा तसूभरही विश्वास बसलेला नव्हता.

"सोमवारपासून मला घरभेटींना जायचंय," मी म्हणाले. "चल. बस शेजारी."

"आत्ता? चहा ठेवलाय..."

"बंद कर."

तो आईंच्या सीटवर बसला, पट्टा ओढून दोनदा तपासला. मी आरशात बघितलं, मागे बघितलं, गाडी बाहेर काढली. कोपरा यायच्या आधीच तो अंग आखडून बसला होता. त्याचा पाय पुढे सरकला, चाचपडला आणि त्या पेडलवर जाऊन टेकला. मग त्याचे खांदे जरा खाली आले.

मी काही बोलले नाही.